मिल्टनचा 'रिलक्टंट' आणि मराठी 'अनिच्छा'

इंग्रजी 'रिलक्टन्स' या शब्दास मराठीत 'अनिच्छा' अथवा 'नाखुषी' हा पर्याय सर्रास योजला जातो. आजच्या व्यवहारी इंग्रजीपुरता तो चालून जातो. मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट' (१६६७) या महाकाव्यात मात्र तो साफ अपुरा पडतो. शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'लुक्तारी', म्हणजे कुस्ती खेळणे, हे क्रियापद असून त्यास विरोधवाचक 'रे' हा उपसर्ग जोडलेला आहे. अनिच्छा ही मनाची स्थिती. मिल्टनला अभिप्रेत आहे ती अंगाची झटापट.

दहाव्या सर्गात सैतानाचे सर्पात रूपांतर होते, तेव्हा तो 'रिलक्टंट' असाच पोटावर कोसळतो. तेथे तो नाखूष होता असे म्हणणे हास्यास्पद होय. तो झगडत होता, आणि ते झगडणे व्यर्थ होते. सहाव्या सर्गात ईश्वरी कोपाचे चिन्ह म्हणून धुराच्या वेटोळ्यांतून ज्वाळा उठतात. त्यांनाही हेच विशेषण. ज्वाळांना कसली आली आहे अनिच्छा?

खरी अडचण चौथ्या सर्गात आहे. पतनापूर्वीच्या निष्पाप ईव्हच्या प्रणयातील विलंबास मिल्टन हाच शब्द लावतो. 'झुंज' म्हणावे तर नंदनवनाची शांती ढळते. 'लज्जा' म्हणावे तर शब्दाचा धागाच तुटतो. हा धागा अपघाती मानता येत नाही. ईव्हच्या केसांची द्राक्षवेलीसारखी वळणे काही ओळींपूर्वीच वर्णिलेली आहेत. पुढे धुराची वेटोळी, आणि अखेर सर्प. मराठीतील घरगुती 'आढेवेढे' या शब्दात तो वेढा ऐकू येतो खरा, पण आढेवेढ्यांत दिखाऊपणा गृहीत असतो. आणि मिल्टन तर लगेच पुढे पापातून उपजलेल्या खोट्या लज्जेचा व शुद्धतेच्या देखाव्याचा धिक्कार करतो.

यास्तव येथेही 'झुंज'च राखणे इष्ट. तिच्यामागे 'मधुर' या अर्थाचे विशेषण मिल्टननेच जोडले आहे. वाचकास बसणारा धक्का त्याचाच आहे, अनुवादकाने तो बुजवण्याचे कारण नाही. दहाव्या सर्गाच्या शेवटाकडे आत्मघाताचा विचार बोलून दाखविणाऱ्या ईव्हला ॲडम समजावतो, तेव्हा ईश्वराच्या जोखडाविरुद्धच्या बंडाळीस तो याच शब्दाने ओळखतो. चौथ्या सर्गात 'लज्जा' लिहून मोकळ्या झालेल्या अनुवादकापाशी त्या वेळी परत आणावयास शब्दच उरलेला नसतो.