प्रयोजकाचा लोप : जनसंपर्काची भाषा आणि तंत्रविषयक ब्लॉगलेखकांचा संशय

क्रियेच्या सिद्धीत जो स्वतंत्र असतो तो कर्ता, अशी कर्त्याची व्याख्या पाणिनीने केली. परंतु जो स्वतः क्रिया करीत नाही, दुसऱ्याकडून ती करवितो, त्याचे स्थान कोणते, हा प्रश्नही त्याने अनुत्तरित ठेवला नाही. अशा प्रयोजकाला त्याने 'हेतु' ही संज्ञा दिली व शिवाय कर्तृत्वही दिले. मराठीने हा भेद आपल्या परीने जपला आहे. 'कारकुनाने पत्र लिहिले' हे वाक्य एका माणसाचे आहे. 'मालकाने कारकुनाकडून पत्र लिहविले' हे दोघांचे. 'मालकाने कारकुनाकडून पत्र लिहवून घेतले' असे म्हटले म्हणजे 'घेणे' ह्या सहायक क्रियापदाने आणखी एक गोष्ट सांगितली जाते, ती ही की पत्राचे फळ मालकाच्या पदरात पडावयाचे आहे. करणारा, करविणारा आणि फळाचा धनी, ह्या तिघांचीही नोंद एवढ्याशा वाक्यात होते.

जनसंपर्क हा व्यवसाय मूलतः ह्या तिसऱ्या वाक्याचा व्यवसाय होय. कंपनी सांगते, जनसंपर्काधिकारी लिहितो, आणि ज्याच्या शब्दाला वाचकांत वजन आहे अशा एखाद्या लेखकाने तेच आपल्या नावाने लिहावे अशी खटपट केली जाते. म्हणजे येथे प्रयोजकाची साखळी दुहेरी असते. ह्यात स्वभावतःच काही निंद्य आहे असे नव्हे. वकील पक्षकारासाठी बोलतो, दुभाषी दुसऱ्याचे बोलणे बोलतो, आणि त्यांना कोणी लबाड म्हणत नाही. कारण त्यांच्या वाक्यातील प्रयोजक सर्वांना दिसत असतो. तक्रार उत्पन्न होते ती प्रयोजक वाक्य साध्या वाक्याच्या वेषात पुढे येते तेव्हा. तंत्रज्ञानाविषयी लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकांचा जनसंपर्काच्या माणसांशी जो दीर्घकाळ खटका उडत आला आहे, त्याचे स्वरूप नैतिक तर आहेच. परंतु त्याचे नेमके स्थान व्याकरणात सापडते.

ह्या दृष्टीने २०११ सालचे एक प्रकरण फार बोलके आहे. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या प्रारंभी क्रिस्टोफर सोगोयन ह्या अमेरिकन अभ्यासकाला बर्सन-मार्स्टेलर ह्या जगड्व्याळ जनसंपर्क-संस्थेकडून एक ई-मेल आला. सोगोयन हे संगणकीय गोपनीयतेच्या प्रश्नांवर परखडपणे लिहिणारे ब्लॉगलेखक म्हणून परिचित होते. गूगलच्या 'सोशल सर्कल' ह्या सोयीमुळे लोकांच्या खाजगी माहितीचा भंग होतो, तरी त्यांनी ह्यावर एक लेख लिहावा. लेखाचा मसुदा करण्यास व तो वॉशिंग्टनमधील वजनदार पत्रांत छापून आणण्यास संस्था साहाय्य करील, असा त्या पत्राचा आशय होता. सोगोयन ह्यांनी उलट टपाली एकच गोष्ट विचारली : ह्याचे पैसे कोण देत आहे? ग्राहकाचे नाव तूर्त सांगता येत नाही, असे उत्तर आले. त्यांनी तो सारा पत्रव्यवहार जसाच्या तसा प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांनी शोध चालविला आणि त्याच महिन्यात हा ग्राहक म्हणजे फेसबुक कंपनी होय, हे उघड झाले.

येथे एक आक्षेप संभवतो व तो क्षुल्लक नाही. पत्रातील विधान खरे असेल तर ते कोणी करविले ह्याने काय बिघडते? गोपनीयतेविषयीची शंका सर्वस्वी निराधार होती असेही म्हणता येत नाही; त्याच वर्षीच्या मार्चमध्ये गूगलने 'बझ' ह्या आपल्या दुसऱ्या एका सोयीच्या बाबतीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून वीस वर्षे बाहेरच्या तपासनिसांकडून आपली गोपनीयता-व्यवस्था तपासून घेण्याचे मान्य केले होते. मग सोगोयन ह्यांनी विधानाची परीक्षा करावयाची सोडून विधान करणाराची चौकशी का करावी? तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ह्याला दोष म्हणतील.

परंतु तर्कशास्त्राचे वाक्य आणि बोललेले वाक्य ह्यांत अंतर असते. ग्राइस ह्या तत्त्वज्ञाने १९६७ च्या व्याख्यानांत दाखविल्याप्रमाणे श्रोता केवळ शब्दांचा अर्थ घेत नाही. बोलणाराने हे आताच, माझ्यापाशीच का सांगितले, ह्याचाही तो अर्थ लावीत असतो. 'शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी खराब आहे' हे वाक्य आरोग्याधिकाऱ्याने उच्चारले तर ती सूचना ठरते. पाणी विकणाऱ्याने उच्चारले तर ती विक्री ठरते. पाणी दोन्ही वेळी तेच, त्याची खराबीही तीच. प्रयोजक लपविला म्हणजे वाक्याचा वाच्यार्थ अभंग राहतो, परंतु त्याचे दुसरे अंग, ज्याच्या आधारे श्रोता त्या वाक्याला किती किंमत द्यावी हे ठरवितो, ते कापले जाते. सोगोयन ह्यांचा प्रश्न म्हणूनच चौकसपणाचा नव्हता, अर्थग्रहणाचा होता. आणि फेसबुकला नेमके काय हवे होते? पाणी विकणाऱ्याचे वाक्य आरोग्याधिकाऱ्याच्या तोंडून वदवून घ्यावयाचे होते.

बिंग फुटल्यावर दोन्ही पक्षांनी जी निवेदने काढली, ती भाषेच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहण्याजोगी आहेत. बदनामीची कोणतीही मोहीम मंजूर केली गेली नव्हती वा योजली गेली नव्हती, अशा आशयाचे विधान फेसबुकने केले. हे कर्मणी आहे आणि त्यात कर्ता नाही. लगेच पुढे मात्र, लोकांची माहिती अशी वापरली जाणे त्यांना पसंत नाही ह्याची त्रयस्थांनी शहानिशा करावी अशी 'आमची' इच्छा होती, असे कर्तरी वाक्य येते. दोष नाकारावयाचा तेथे कर्ता नाहीसा होतो. हेतूची शुद्धता सांगावयाची तेथे तो 'आम्ही' म्हणून हजर होतो. जनसंपर्क-संस्थेच्या निवेदनातही हाच प्रकार आहे. नाव गुप्त ठेवावे अशी विनंती ग्राहकाने केली, हे वाक्य कर्तरी, कारण त्यातील कर्ता दुसरा आहे. परंतु असल्या अटींवरचे काम नाकारले जावयास हवे होते, येथे पुन्हा कर्मणी. कोणी नाकारावयास हवे होते? आपल्या व्याकरणांत 'उजाडले', 'गडगडते' अशा वाक्यांसाठी अकर्तृक म्हणून एक प्रकार सांगितलेला असतो, कारण उजाडण्याला कर्ता नसतो. ह्या निवेदनांत अनुचित वर्तन असेच उजाडत असते.

एक गोष्ट मात्र फेसबुकच्या पदरात घातली पाहिजे. हा विषय अधिक गंभीरपणे व उघडपणे 'आम्ही' मांडावयास हवा होता, असेही त्याच निवेदनात शेवटी म्हटले होते. तेवढे एक वाक्य सरळ आहे, आणि ते वाचताना पूर्वीच्या वाक्यांचा वाकडेपणा अधिकच डोळ्यांत भरतो.

ह्या व्यवसायाला आपले व्याकरण ठाऊक नव्हते अशातला भाग नाही. १९०६ साली कोळसा-खाणमालकांचे काम पाहत असताना आयव्ही ली ह्याने संपादकांना उद्देशून जे जाहीर तत्त्वनिवेदन काढले, त्यात आपले काम गुप्त नाही आणि कोणाच्या वतीने मजकूर धाडला आहे हे विचारणाऱ्या संपादकाला सांगितले जाईल, अशी हमी होती. आधुनिक जनसंपर्काच्या इतिहासाचे पहिले पान म्हणून हे निवेदन आजही दाखविले जाते. सोगोयन ह्यांनी १०५ वर्षांनी विचारले ते लीने जे सांगण्याचे वचन दिले होते तेच. पुढे १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणमजुरांवर गोळीबार झाला, तेव्हा रॉकफेलर-पक्षासाठी लीने काढलेल्या पत्रकांत चुकीची माहिती निघाली आणि त्याच्या नावाभोवती कायमचे किल्मिष साचले. वचन व आचरण ह्यांतील हे अंतर व्यवसायाच्या जन्मापासूनचे आहे. ब्लॉगलेखकांनी ते निर्माण केले नाही, त्यांनी फक्त संपादकाची जागा घेतली.

प्रयोजक उघड असला म्हणजे संशयाला जागा राहत नाही, असे मात्र समजू नये. ॲपलचे २ जुलै २०१० चे पत्र ह्याचे उत्तम उदाहरण होय. जूनच्या अखेरीस आलेल्या आयफोन ४ ह्या यंत्राच्या कडेची पोलादी पट्टी हाच त्याचा अँटेना होता. डाव्या खालच्या अंगाची फट हाताने झाकली की पडद्यावरील सिग्नलच्या दांड्या झरझर खाली येत. कंपनीने स्वतःच्या नावाने खुलासा केला : बहुतेक सर्वच फोन विशिष्ट रीतीने धरल्यास सिग्नल कमी होतो, तथापि शोधाअंती असे आढळून आले, आणि त्याने आम्ही थक्क झालो, की दांड्या किती दाखवावयाच्या हे ठरविणारे आमचे सूत्रच साफ चुकीचे आहे व कित्येकदा ते दोन दांड्या जास्त दाखविते. येथे कर्ता लपलेला नाही. 'आम्ही' आहे. परंतु कोणत्या क्रियेचा? शोधण्याचा आणि थक्क होण्याचा. ते सूत्र रचणारे व पहिल्या आयफोनपासून ते वापरीत आलेले 'आम्ही' एका उपवाक्यात दडले आणि चकित होणारे 'आम्ही' मुख्य वाक्यात बसले. शिवाय तक्रार होती सिग्नलाची, उत्तर मिळाले सिग्नलाच्या चिन्हाचे. सोस्यूरच्या परिभाषेत सांगावयाचे तर चिन्हिताविषयीच्या प्रश्नाला चिन्हकाच्या दुरुस्तीने उत्तर दिले गेले. पुढे १६ जुलैला स्टीव्ह जॉब्झ ह्यांनी पत्रकार-परिषद घेऊन फोनभोवती बसविण्याचे वेष्टन फुकट देऊ केले, तेव्हा प्रश्न केवळ चिन्हाचा नव्हता हे कृतीने मान्य झाले.

'आनंदटेक' ह्या तंत्रपरीक्षण करणाऱ्या प्रकाशनाने त्या पत्राच्या आधीच जे काम केले होते, ते संशयाचा आदर्श म्हणून सांगण्यासारखे आहे. त्यांनी पडद्यावरील दांड्या बाजूस सारून त्या जागी सिग्नलाचे मूळ माप अंकांत दिसेल अशी योजना केली, निरनिराळ्या पकडींत ते माप किती घसरते हे नोंदविले, आणि दांड्यांची वाटणी किती विषम आहे हेही दाखविले. अगदी क्षीण सिग्नल असताना हे यंत्र आधीच्या यंत्रापेक्षा सरस ठरते, हेही त्यांनी त्याच लेखात लिहिले. कंपनीला ज्याने थक्क केले म्हणतात, ते बाहेरच्या दोन लेखकांनी दोन दिवस आधी छापले होते. खरा संशय हा असा असतो; तो चिन्ह पुसून वस्तू पाहतो आणि जे दिसले ते कोणाच्या सोयीचे आहे ह्याचा विचार करीत नाही.

सर्वच ब्लॉगलेखकांना ह्या पंक्तीत बसविता येणार नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये 'वायर्ड' मासिकाचे संपादक क्रिस अँडरसन ह्यांनी नको असलेली प्रसिद्धिपत्रे धाडणाऱ्यांचे ई-मेलचे पत्ते आपल्या ब्लॉगवर जाहीर केले. वैताग समजण्यासारखा होता. परंतु ही शिक्षा झाली ती प्रयोज्याला, पत्र टंकणाऱ्याला. ते ज्याने धाडावयास लावले तो प्रयोजक तसाच मोकळा राहिला. जनसंपर्कातील नोकरदार माणसाची कुचंबणा हीच आहे. ग्राहक म्हणतो नाव सांगू नका, लेखक म्हणतो नाव सांगितल्यावाचून वाचणार नाही, आणि दोघांच्याही रोषाचा धनी तोच. संशयी लेखकांनी ही कुचंबणा ओळखली असती तर त्यांचा प्रहार अधिक नेमका झाला असता. २००६ च्या डिसेंबरात तर बाजू उलटली. मायक्रोसॉफ्ट व एएमडी ह्या कंपन्यांनी काही ब्लॉगलेखकांना 'व्हिस्टा' ही नवी प्रणाली घातलेले किमती लॅपटॉप भेट म्हणून पाठविले, आणि वाद उसळल्यावर ते परीक्षणानंतर परत करावेत वा कोणास देऊन टाकावेत असे सुचविले. दुसऱ्यांच्या वाक्यातला प्रयोजक हुडकणाऱ्या लेखकांच्या स्वतःच्याच वाक्यात आता एक प्रयोजक शिरला होता. अमेरिकेत १ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या फेडरल ट्रेड कमिशनच्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी असे देणे-घेणे वाचकाला सांगण्याची जबाबदारी ब्लॉगलेखकांवरही टाकली.

मराठी गद्याला हा विषय परका नाही. 'कळविण्यात येते', 'निर्णय घेण्यात आला', 'दक्षता घेण्यात येईल' ही कचेऱ्यांतून आलेली रचना प्रसिद्धिपत्रकांनी केव्हाच आत्मसात केली आहे, आणि वृत्तपत्रे ती पत्रके बहुधा शब्द न बदलता छापतात. 'ण्यात येणे' ह्या रचनेला कर्ता जोडता येत नाही असे नाही. 'सरकारकडून निर्णय घेण्यात आला' असे लिहिता येते. परंतु तिची सारी सोय कर्ता गाळण्यातच आहे, आणि ती सोय पिढ्यान्पिढ्या घेतली गेल्यामुळे वाचकालाही त्या रिकाम्या जागेकडे पाहण्याची सवय उरलेली नाही.

भारतातील जाहिरात-मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवर लिहिणाऱ्यांसाठी जे नियम केले, त्यांत मजकुरावर लावावयाच्या ओळखपट्ट्यांचे शब्दही दिले. 'जाहिरात' किंवा 'प्रायोजित' असा अर्थ देणारे त्यांतील शब्द निःसंदिग्ध आहेत. 'प्रायोजित' ह्या मराठी पर्यायात तर प्रयोजकाचा धातूच उभा आहे. परंतु 'सहयोग' व 'भागीदारी' ह्या अर्थाचे शब्दही त्याच यादीत आहेत. सहयोगात दोन कर्ते समान असतात; कोणी कोणाकडून काही करवून घेत नाही. मोबदला घेऊन यंत्राची शिफारस लिहिणारा लेखक आणि मोबदला देणारी कंपनी ह्यांच्यापुढे निवडीसाठी हे दोन्ही शब्द ठेवले, तर ते बहुधा 'सहयोग' हाच शब्द उचलतील.