तयार सांगाडा आणि देवनागरी ओळ

ट्विटर कंपनीतील मार्क ओटो व जेकब थॉर्नटन यांनी सिद्ध केलेला ‘बूटस्ट्रॅप’ हा संकेतस्थळरचनेचा तयार सांगाडा ऑगस्ट २०११ मध्ये सर्वांस विनामूल्य खुला झाला. पृष्ठाची रुंदी बारा स्तंभांत विभागणारी चौकट, तयार बटणे व तक्ते यांमुळे एकट्या रचनाकारालाही अल्पावधीत नीटस पृष्ठ उभारता येऊ लागले. निरनिराळ्या ब्राउझरांतील विसंगती निवारण्याचे कंटाळवाणे काम त्याने पुष्कळसे आपल्याकडे घेतले, हे त्याचे श्रेय निर्विवाद होय. सर्व संकेतस्थळे एकाच साच्यातील दिसू लागली, हा आक्षेप नेहमीचा आहे. तथापि तो गौण मानावा लागेल. ग्रंथांची पृष्ठेही परस्परांसारखीच असतात!

खरा आक्षेप लिपीसंबंधीचा आहे. या सांगाड्याची मापे रोमन लिपीच्या मानाने ठरलेली दिसतात. कॅपिटल अक्षरांची त्यातील सोय देवनागरीस निरुपयोगी, हे सोडून देता येईल. परंतु पाचव्या आवृत्तीत शीर्षकाच्या ओळीची उंची अक्षरमापाच्या १.२ पट ठेवलेली आहे. रोमन शीर्षकास ती शोभते. मराठी शीर्षक दोन ओळींचे झाले की वरच्या ओळीतील उकार खालच्या ओळीतील वेलांट्यांना व रफारांना भिडू लागतात. ते माप बदलणे हे एका ओळीचे काम आहे. मात्र त्यासाठी सांगाड्याच्या आत काय आहे हे रचनाकारास ठाऊक असावे लागते, आणि ते जाणण्याचे श्रम वाचावेत म्हणूनच तर त्याने तो स्वीकारलेला असतो.