परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूलखरेदी : अमेरिकन संघीय कायद्याची चिकित्सा

प्रस्तावना : अमेरिकेतील शस्त्रनियंत्रणाची चर्चा बहुधा राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीभोवती फिरते. प्रत्यक्ष विक्रीच्या वेळी कायदा खरेदीदारास नेमके काय विचारतो, याकडे तुलनेने कमी लक्ष जाते. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाची चिकित्सा करावयाची आहे.

कायदेशीर अटी : 1968 च्या 'गन कंट्रोल ॲक्ट'नुसार परवानाधारक विक्रेत्यास 21 वर्षांखालील व्यक्तीला पिस्तूल विकता येत नाही, रायफल व शॉटगनसाठी ही मर्यादा 18 वर्षांची आहे. (पिस्तुलाच्या वयोमर्यादेच्या वैधतेविषयी 2025 मध्ये संघीय अपील न्यायालयांनी परस्परविरोधी निकाल दिले.) खरेदीदार त्याच राज्याचा रहिवासी असावा लागतो. त्याने छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र दाखवून 4473 क्रमांकाचा नमुना भरावयाचा असतो. गंभीर गुन्ह्यातील दोषसिद्धी, कौटुंबिक हिंसाचाराचा गुन्हा, बेकायदेशीर अमली पदार्थांचे सेवन इत्यादी कारणे अपात्रतेची होत. 1993 च्या ब्रॅडी कायद्यान्वये उभारलेली राष्ट्रीय तत्काळ तपासणी यंत्रणा 30 नोव्हेंबर 1998 पासून कार्यरत आहे. काही राज्यांनी याहून कडक अटी घातल्या आहेत.

चिकित्सा : या रचनेचे मर्म असे की, खरेदीदाराला शस्त्राची गरज सिद्ध करावी लागत नाही, त्याच्याविरुद्ध नोंद नसणे पुरेसे ठरते. भारतात 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार आधी परवाना मिळवावा लागतो व त्यासाठी पोलीस अहवाल मागविला जातो. तेथे मात्र नोंदीचे मौन हीच पात्रता मानली जाते. अशा व्यवस्थेचे यश सर्वस्वी नोंदींच्या पूर्णतेवर अवलंबून राहते.

याहून गंभीर बाब मुदतीची आहे. कामकाजाच्या 3 दिवसांत उत्तर न आल्यास विक्रेता शस्त्र देऊ शकतो. म्हणजे शासनाच्या विलंबाचा लाभ खरेदीदारास मिळतो आणि त्याची जोखीम समाजावर पडते. 17 जून 2015 रोजी चार्ल्सटन येथील चर्चमध्ये 9 जणांची हत्या झाली. मारेकऱ्याने पिस्तूल याच मार्गाने मिळविले होते. ती विक्री नाकारली जावयास हवी होती, हे एफबीआयने पुढे मान्य केले. 2022 च्या कायद्याने तपासणीची मुदत 10 दिवसांपर्यंत वाढविली, परंतु ती केवळ 21 वर्षांखालील खरेदीदारांपुरती. या वयोगटास विक्रेत्याकडून पिस्तूल मिळतच नसल्याने पिस्तुलाच्या बाबतीत ही सुधारणा जवळजवळ निरुपयोगी ठरते. शिवाय व्यवसाय म्हणून विक्री न करणाऱ्या खासगी व्यक्तीवर संघीय कायदा तपासणीचे बंधन घालत नाही.

निष्कर्ष : दुसऱ्या दुरुस्तीने दिलेला हक्क मान्य करूनही एक प्रश्न उरतो : संशय अनिर्णित असताना जोखीम कोणी सोसावी? निर्णय होईपर्यंत विक्री थांबविणे व त्या निर्णयास वाजवी कालमर्यादा घालून अपिलाची सोय ठेवणे, हा हक्काचा नकार नव्हे. विलंबालाच संमती मानणारा कायदा आपल्याच अटी निष्प्रभ करतो.