अस्सलतेची कसोटी आणि तिच्या मर्यादा : दुसऱ्या महायुद्धातील जर्मन कॅमोफ्लाज गणवेशांच्या संग्रहपद्धतीचे चिकित्सक परीक्षण

प्रस्तावना :
इतिहासाच्या साधनांमध्ये लिखित कागदपत्रांइतकेच भौतिक वस्तूंनाही महत्त्व आहे. नाणी, शस्त्रे व ताम्रपट यांच्या परीक्षणाची परंपरा आपल्याकडे रुजली आहे. वस्त्र या साधनाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. पाश्चात्त्य देशांत मात्र दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैन्याच्या कॅमोफ्लाज गणवेशांभोवती संग्राहक, व्यापारी व स्वयंघोषित तज्ज्ञ यांचे एक स्वतंत्र विश्व उभे राहिले आहे. 'हा नग अस्सल की बनावट?' हा त्या विश्वातील मध्यवर्ती प्रश्न होय. या प्रश्नाचे उत्तर ज्या पद्धतीने शोधले जाते, त्या पद्धतीची तर्कशुद्धता तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

बीज संज्ञा : कॅमोफ्लाज, अस्सलता, बहिरंग परीक्षण, अंतरंग परीक्षण, वस्तुसंस्कृती.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
जर्मन सैन्याने १९३१ मध्ये तुटक, कोनयुक्त पट्ट्यांचा एक बहुरंगी छापा स्वीकारला. तो प्रथम 'त्सेल्टबान ३१' या त्रिकोणी कापडावर आला. हे कापड पावसात अंगावर घेता येई आणि अनेक तुकडे जोडून त्यांचा तंबूही उभारता येई. हा छापा पुढे 'स्प्लिटर' या नावाने ओळखला गेला. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात एसएस संघटनेसाठी विल्हेल्म ब्रांट व प्रा. योहान गेओर्ग ओटो शिक यांनी वेगळ्या धाटणीचे छापे विकसित केले. डोक्यावरून घालायचा सैल स्मॉक व शिरस्त्राणावरील खोळ ही त्यांची प्रमुख रूपे होत. हे कपडे दोन्ही बाजूंनी वापरता येत. एका बाजूला वसंत-ग्रीष्माचे हिरवे, तर दुसऱ्या बाजूला शरदाचे तपकिरी रंग असत. सुरुवातीचा हाताने केलेला छापा मागे पडून पुढे यांत्रिक रोलर छपाई आली. १९४४ मध्ये वाटाण्यासारख्या ठिपक्यांचा छापा आला. सप्टेंबर १९४३ मधील इटलीच्या शरणागतीनंतर हाती लागलेल्या इटालियन छापील कापडाचेही जर्मन सैनिकांसाठी कपडे शिवले गेले.

येथे एक बाब लक्षात घेतली पाहिजे. 'ओकची पाने', 'पाम', 'प्लेन वृक्ष' ही एसएस छाप्यांची आज रूढ असलेली नावे बहुतांशी युद्धोत्तर संग्राहकांनी दिलेली आहेत. म्हणजेच वर्गीकरणाची चौकटच वस्तूंच्या काळातील नसून बाजारपेठेच्या काळातील आहे. नाव मिळाले की प्रकार सिद्ध झाला, असा समज त्यातून बळावतो.

प्रचलित कसोट्यांचे परीक्षण :
लांग्ल्वा व सेन्योबो यांनी १८९८ मध्ये मांडलेली बहिरंग व अंतरंग परीक्षणाची पद्धती इतिहासाच्या अभ्यासकास परिचित आहे. तिच्या आधारे संग्राहकांच्या कसोट्या पाहिल्या असता पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

पहिली कसोटी अतिनील प्रकाशाची. युद्धोत्तर काळात धुण्याच्या पावडरींत व कापडाच्या प्रक्रियेत उजळक रसायने सर्रास आली; ती अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. म्हणून चमकणारा नग बनावट, असा निष्कर्ष काढला जातो. परंतु अस्सल स्मॉक १९६० मध्ये एखाद्या गृहिणीने पावडरीने धुतला असेल, तर तोही चमकेल. उलट, उजळक नसलेल्या कापडावर आज छापलेला नग चमकणार नाही. दुसरी कसोटी धाग्याच्या ज्वलनाची. सुती धागा जळून राख होतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. पॉलिएस्टरचा शोध ब्रिटनमध्ये १९४१ मध्ये लागला व त्याचे व्यापारी उत्पादन युद्धानंतरचे आहे. त्यामुळे मूळ शिवणीत तो आढळल्यास नग निश्चितच उत्तरकालीन ठरतो. मात्र नंतरच्या दुरुस्तीत आढळल्यास तसे म्हणता येत नाही. शिवाय सुती धाग्याचे अस्तित्व काहीच सिद्ध करीत नाही, कारण सुती धागा आजही मिळतो. तात्पर्य, या कसोट्या नाकारण्याच्या कसोट्या आहेत, स्वीकारण्याच्या नव्हेत. संग्राहक मात्र 'नाकारला गेला नाही' याचा अर्थ 'सिद्ध झाला' असा लावतात.

तिसरी कसोटी शिक्क्यांची. १९४२ च्या सुमारास उत्पादकाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक छापण्याची पद्धत आली. परंतु अनेक स्मॉकवर शिक्काच नसतो, आणि रबरी शिक्का बनविणे हे तर बनावटकाराचे सर्वांत सोपे काम.

सर्वांत गंभीर अडचण कापड आणि वस्तू यांतील भेदाची आहे. अस्सल त्सेल्टबान कापून त्यापासून शिरस्त्राणाची खोळ वा टोपी शिवली, तर कापड, रंग व छपाई या सर्व कसोट्यांना ती वस्तू उतरेल. तरीही ती वस्तू बनावटच असेल. याची दुसरी बाजूही तितकीच अवघड आहे. युद्धकाळात शिंप्यांनी त्सेल्टबानपासून नियमबाह्य कपडे शिवल्याची उदाहरणे आहेत. म्हणून नियमानुसार नसलेला नग बनावट, असेही म्हणता येत नाही. त्यातच पश्चिम जर्मनीच्या सीमासुरक्षा दलाने युद्धकालीन धाटणीचा 'दलदल' छापा वापरला व नव्या जर्मन सैन्यानेही १९५० च्या दशकात काही काळ स्प्लिटर धाटणी स्वीकारली. डॅनियल पीटरसन यांनी आपल्या ग्रंथांच्या शीर्षकातच युद्धोत्तर अनुकरणांचा समावेश केला आहे, तो या दृष्टीने अर्थपूर्ण वाटतो.

अशा वेळी अखेरचा आधार म्हणून तज्ज्ञाच्या 'नजरे'चा दाखला दिला जातो. ही नजर अस्सल मानलेले नग पाहून तयार होते, आणि ते नग अस्सल आहेत हे त्याच नजरेने ठरविलेले असते. हा अन्योन्याश्रय दोष होय. निर्णय देणाराच अनेकदा विक्रेताही असतो, तेव्हा हा दोष अधिकच गडद होतो.

नैतिक परिमाण :
संग्राहक शिवणीतील टाके मोजतो ते किंमत ठरविण्यासाठी. पण ते टाके कोणी घातले? एसएसच्या मालकीची 'टेक्सलेड' ही कंपनी १९४० मध्ये स्थापन झाली. तिच्या राव्हेन्सब्र्यूक येथील कारखान्यांत छळछावणीतील स्त्री-कैद्यांकडून सक्तीने एसएसचे गणवेश शिवून घेतले जात. दाखाऊ येथेही एसएसचे वस्त्रनिर्मिती केंद्र होते. म्हणजे अस्सलतेचा जो पुरावा बाजारात मूल्य वाढवितो, तोच कदाचित गुलामीच्या श्रमाचाही पुरावा असतो. संग्राहकांच्या वर्णनांत टाका, बटण, काज यांची सूक्ष्म नोंद आढळते. शिवणाऱ्या हातांची नोंद क्वचितच. 'आम्ही केवळ कापडाचा अभ्यास करतो' हा युक्तिवाद म्हणूनच अपुरा ठरतो, कारण कापडाचा अभ्यास पूर्ण केला तर तो श्रमापर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नाही.

जर्मन दंडसंहितेचे कलम ८६-अ नाझी चिन्हांच्या सार्वजनिक वापरास प्रतिबंध करते, परंतु संशोधन व शिक्षण यांना सवलत देते. २००० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने याहू कंपनीस फ्रान्समधील लोकांना नाझी वस्तूंच्या लिलावापासून रोखण्याचा आदेश दिला होता. कायद्याची दृष्टी मुख्यतः चिन्हांवर असते. चिन्हविरहित स्मॉक त्या दृष्टीतून सहज निसटतो, आणि म्हणूनच त्याविषयीची जबाबदारी अभ्यासकावर अधिक येते.

निष्कर्ष :
१. प्रचलित भौतिक कसोट्या नग नाकारण्यास उपयुक्त आहेत. केवळ त्यांच्या बळावर अस्सलता सिद्ध होत नाही.
२. कापडाची अस्सलता व वस्तूची अस्सलता या भिन्न बाबी असून त्यांची स्वतंत्र नोंद झाली पाहिजे.
३. नग कोणाकडून, केव्हा व कोठून आला याची अखंड साखळी हाच तुलनेने भक्कम पुरावा होय. परंतु बाजार तिच्याऐवजी 'नजरे'वर विसंबतो.
४. अस्सल व बनावट यांच्यामध्ये 'अनिर्णित' हा तिसरा वर्ग मान्य केला पाहिजे. बाजारास तो परवडणारा नाही. इतिहासास मात्र त्याच्यावाचून गत्यंतर नाही.
५. निर्मितीच्या श्रमाचा इतिहास हा परीक्षणाचा अनिवार्य भाग मानला जावा. तो वगळून केलेले परीक्षण कितीही सूक्ष्म असले तरी अपूर्णच राहील.