विठ्ठल, वारी आणि ज्ञानशाखांच्या सीमा

धर्म हा कोणत्याही एका ज्ञानशाखेच्या स्वाधीन करता येणारा विषय नाही, हे विधान आता सर्वमान्य झाले आहे. परंतु या मान्यतेत एक प्रकारची निश्चिंतताही आहे. इतिहास, मानवशास्त्र आणि साहित्यसमीक्षा यांचे निष्कर्ष शेजारी शेजारी मांडले, की आंतरविद्याशाखीय अभ्यास सिद्ध झाला असे समजले जाते. विठ्ठल आणि वारी यांविषयीचे संशोधन पाहिले, तर ही समजूत अपुरी ठरते.

दा. ध. कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात देवस्थाने आणि यात्रामार्ग यांचा संबंध प्रागैतिहासिक पशुपालकांच्या हंगामी भ्रमणमार्गांशी जोडला. धनगरांच्या मौखिक परंपरेचा ध्यास घेतलेल्या गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या अभ्यासातून पशुपालकांच्या दैवतांचे जिवंत जग उलगडले. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) या ग्रंथाने स्थलमाहात्म्ये, मूर्तिशास्त्र आणि लोकपरंपरा यांची साक्ष एकत्र आणून विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या दैवतात शोधले. पट्टणकोडोलीचा विठ्ठल-बिरोबा हा या मांडणीतील महत्त्वाचा दुवा होय.

या सर्व प्रयत्नांची दिशा मूळाकडे जाणारी आहे. देवतेचे मूळ सापडले म्हणजे तिचा अर्थ सापडला, असे मात्र होत नाही. आषाढीला पंढरीची वाट चालणाऱ्या वारकऱ्यासाठी विठ्ठल हा गोपजनांच्या देवाचा अवशेष नसतो. तो 'माउली' असतो. हा अर्थ इतिहासाने खोटा ठरत नाही आणि श्रद्धेने इतिहासही रद्द होत नाही.

इरावती कर्वे यांच्या वारीवरील लेखाचे मोल येथे ध्यानात येते. मानवशास्त्रज्ञ असूनही त्या दिंडीबरोबर चालल्या. एका मुखाने भजन करणारे लोक जेवायला मात्र जातवार वेगळे बसतात, हे त्यांना दिसले आणि सलले. हे सलणे निरीक्षणातील दोष नव्हे, ते निरीक्षणाचाच भाग आहे. तटस्थ राहून भेद मोजता आला असता. भजन आणि भेद एकाच वाटेवर कसे नांदतात, हे कळायला चालावेच लागले.

'महासमन्वय' ही संज्ञाही याच कसोटीवर तपासली पाहिजे. देवतेच्या पातळीवर ती यथार्थ आहे. शैव-वैष्णव, लोक आणि अभिजात असे अनेक प्रवाह विठ्ठलात मिसळले. भक्तांच्या पातळीवर मात्र चोखामेळ्याची समाधी मंदिराच्या पायरीशी, बाहेरच राहिली. अस्पृश्यांना मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. देव एकवटला, समाज एकवटला नाही. समन्वयाच्या इतिहासाला या अंतराचा हिशेब चुकता करावाच लागेल.

साहित्यसमीक्षेचे काम येथेच सुरू होते. चोखामेळ्याचा अभंग समाजशास्त्रज्ञ पुरावा म्हणून वाचतो, रसिक आर्त काव्य म्हणून. पहिल्या वाचनात अभंगातील संबोधन गळून पडते, दुसऱ्यात मंदिराची भिंत. वस्तुतः ही तक्रार समाजाविषयीची असली, तरी ती केली आहे विठ्ठलाकडे. ज्याच्या दारातून हाकलले गेले, त्याच्याशीच भांडण्याचा हक्क हा अभंग गृहीत धरतो. त्यातील विद्रोह भक्तीतून वेगळा काढता येत नाही. भक्तीही अपमानाच्या अनुभवावाचून समजत नाही.

म्हणून ज्ञानशाखांचा संबंध बेरजेचा नसून परस्परांच्या चिकित्सेचा असावा लागतो. उत्खननाने श्रद्धेला काळाचे भान द्यावे, सहवासाने संशोधकाला माणसांचे, आणि काव्याने दोघांनाही शब्दांचे. यांपैकी एकानेही दुसऱ्याला गप्प केले, तर पायरीवरचा चोखोबा अभ्यासातही बाहेरच राहील.