मेकॉलेचा तांडेल

मेकॉलेचें नांव निघालें कीं आम्हां सुशिक्षितांस त्याचा शिक्षणविषयक लेख आठवतो, आणि त्याला चार शब्द सुनावून आपण मोकळे होतों. परंतु त्यानें या देशांत लिहिलेलें उत्तम गद्य पाहावयाचें असेल, तर १८३७ च्या दंडसंहितेच्या मसुद्यास जोडलेल्या टिपा वाचाव्या. त्यांतील मनुष्यवधावरील टीप तर विशेषच.

गंभीर गुन्हा करीत असतां कोणाचा मृत्यु घडला, तर हेतु नसतांही तो खून, असा इंग्लंडांतील त्या काळचा नियम होता. हरिण चोरण्याकरितां सोडलेला बाण झुडपांतील मुलास लागला तरी खूनच, असें सतराव्या शतकांत कोकनें लिहून ठेविलें होतें. मेकॉले यावर कोरडा वाद घालीत बसत नाहीं. तो हुगळी नदींतील एक तांडेल पुढें उभा करतो. तांडेल दक्ष आहे, कुशल आहे. पण नुकत्याच सांचलेल्या वाळूच्या दांड्यावर जहाज आदळून उतारू बुडतात. त्याला खुनी कोण म्हणेल? आतां तोच तांडेल एका फरारी गुन्हेगारास नेत होता असें समजा. त्या अपराधाची शिक्षा त्यानें अवश्य भोगावी. पण वाळूचा दांडा कांहीं त्या अपराधानें उत्पन्न केला नव्हता!

युक्तिवाद बिनतोड, उदाहरण मात्र सोयीचें. दैवगतीनें फुटलेलें जहाज आणि चोराच्या हातांतील भरलेली बंदूक यांत फार अंतर आहे. बेपर्वाईनें मृत्यु घडल्यास मूळ शिक्षेंत बेपर्वाईच्या शिक्षेची भर घालावी, असें तो सुचवितो खरा. पण वाचकास जेथें थांबावेंसें वाटतें, तेथेंच त्याची लेखणी भराभर पुढें सरकते.

१८६० सालीं संहितेचा कायदा झाला तेव्हां मेकॉले हयात नव्हता. कलम २९९ च्या एका दृष्टान्तांत कोंबडें चोरण्यासाठीं झाडलेल्या गोळीनें झुडपाआडचा मनुष्य मरतो. तो तेथें आहे हें चोरास ठाऊक नसतें, म्हणून हा सदोष मनुष्यवध नव्हे. झुडूप कोकचेंच, निकाल उलटा! इंग्लंडला तो नियम टाकण्यास १९५७ साल उजाडावें लागलें. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत तो अद्याप आहे.

तरीपण त्याच संहितेंत कलम ३९६ होतें. पांच किंवा अधिक जण दरोडा घालीत असतां एकानें खून केला, तर देहान्ताची शिक्षा प्रत्येकास होऊं शके. दाराशीं पहारा करणाऱ्या पांचव्याच्या मनांत काय होतें, हें कायदा विचारीत नसे. तांडेलास मिळालेला न्याय याला कां नसावा? निदान दहा वर्षांहून कमी शिक्षा देण्याची मोकळीक तरी न्यायाधीशास होती. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनें कोंबडीचोराचा दृष्टान्त राखला, दरोड्याचा नियमही राखला, आणि ती मोकळीक मात्र काढून घेतली.