सूत्रधार गेला गुन्ह्यांच्या पानावर

सूत्रधार हल्ली भेटतो तो गुन्ह्यांच्या बातम्यांत. कटाचा सूत्रधार फरार असतो, नाहीतर त्याला कोठडी मिळालेली असते. नांदी निवडणुकीच्या वार्तापत्रात रुजू झाली आहे, आणि 'एक्झिट' कुणी नट गेला की त्याच्या मृत्युलेखाच्या मथळ्यावर ठरलेली. मराठी रंगभूमीचे शब्द मेले, अशी हाकाटी अधूनमधून होते, पण ती अर्धीच खरी आहे. शब्द जिवंत आहेत, त्यांनी बिऱ्हाडं तेवढी बदलली.

सूत्रधाराचंच पाहावं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा अख्खा खेळ त्याच्या अंगावर असे. पदं तो म्हणायचा, कथा तो पुढे न्यायचा. पात्रं वेळेला सुचेल ते बोलायची. १८८० साली किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'मध्ये पात्रांनाच गायला लावलं आणि सूत्रधाराकडे नांदी अन् नटीशी चार वाक्यं उरली. पुढे वास्तववादी नाटकाला तीही जड झाली. १९७२ च्या 'घाशीराम कोतवाल'ने त्याला पुन्हा बोलावलं खरं, पण तोवर तो वर्तमानपत्रात स्थायिक झाला होता.

'नेपथ्या'चा प्रवास आणखी मजेदार आहे. संस्कृत नाटकात 'नेपथ्ये' म्हणजे पडद्याआड, जिथे नट नटतात तिथे. आज मराठीत नेपथ्य म्हणजे प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उभं असलेलं घर, जिना, खिडकी. झाकायची जागा होती, ती दाखवायची वस्तू झाली. यात कुणाची चूक शोधू नये. भाषा अशीच चालते.

विंगेतली बोली मात्र तिसरीच. साडेचारचा प्रयोग, पहिली घंटा झालेली. 'प्रॉपर्टी लागली का?' टेबलावर चष्मा, कपबशी, औषधाची बाटली. 'ब्लॅकआउटला ती लेव्हल आत ओढा.' तिकडे बुकिंगच्या खिडकीवर पुढच्या रविवारचा 'प्लॅन' लागलेला. प्रयोग भर दुपारी असला, तरी नटाला मिळते ती 'नाइट'. नाटकं रात्र रात्र चालत त्या काळाची एवढी एक खूण पैशाच्या पाकिटात उरली आहे.

इंग्रजी शब्द आले की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांनी 'एंट्री' जरा नीट पाहावी. मराठीत 'प्रवेश' म्हणजे पात्राचं येणं आणि अंकाचा भागही. 'माझा प्रवेश दुसऱ्या प्रवेशात आहे' असं कोण म्हणेल? 'दुसऱ्या प्रवेशात माझी एंट्री' म्हटलं की काम भागतं. 'दिग्दर्शक' आणि 'मध्यंतर' या शब्दांचं श्रेय सावरकरांना दिलं जातं. त्यातला पहिला विंगेतही रुळला, कारण 'तालीममास्तर' कंपन्यांबरोबर मागे पडला होता आणि जागा रिकामी होती. 'मध्यंतर' पाटीवर आणि जाहिरातीत आहे. बटाटेवडा मात्र लोक 'इंटरव्हल'मध्येच खातात.

खरा अन्याय झाला तो तमाशाच्या शब्दांवर. गण, गौळण, बतावणी, वग ही पक्की बांधणी. बतावणी म्हणजे हजरजबाबी विनोदाचा कस. शहरी मराठीत तिचा अर्थ उरला लबाडी. 'तमाशा करू नकोस' हा घराघरातला दम, आणि 'नाच्या' ही शिवीच. वसंत सबनिसांनी १९६५ साली 'विच्छा माझी पुरी करा'तून हा ऐवज शहरी प्रेक्षकांपुढे ठेवला, लोकांनी तो डोक्यावर घेतला, पण शब्दांची पत काही वाढली नाही. कलेला टाळ्या आणि तिच्या शब्दांना नाक मुरडणं, हे आपल्याकडे बिनदिक्कत चालतं.

नामांची काळजी करणारे पुष्कळ आहेत. गळती लागली आहे ती क्रियापदांना. नाटक बसवतात, ते उभं राहतं, रंगतं, नाहीतर पडतं. वाक्य टाकतात, खातात. टाळी घेतात, हशा वसूल करतात. कंपनीतला नट आधी आपली नक्कल पाठ करायचा, म्हणजे त्याच्या भूमिकेचा उतरवून दिलेला मजकूर. आता 'नक्कल' म्हटलं तर कुणाची, असं विचारतील. या क्रियापदांत साठलेलं व्यवहारज्ञान परीक्षणांत औषधालाही सापडत नाही. तिथे दिग्दर्शन संयत, नेपथ्य सूचक, वेशभूषा अनुरूप, प्रकाशयोजना परिणामकारक. या चार विशेषणांत कुठलंही नाटक मावतं.

आणि विंगेत कपबशी सांभाळणारा माणूस सांगतो: हशा ओसरायच्या आत त्यानं वाक्य टाकलं, ते हशात वाहून गेलं, पुढचीनं उत्तर दिलं ते कशाला हेच कुणाला कळेना, आणि तिथून प्रवेश जो बसला तो उठलाच नाही. चार दिवसांनी छापून येतं, 'दुसरा अंक काहीसा रेंगाळतो.'